होडीचा कागद आणि तांडेलाचा कागद

गोडादरा तापीच्या काठावर नाही. तरी सुरतेतल्या या वस्तीत पावसाळ्यात गल्लीच्या तोंडाशी बोट लागू शकते, हे इथल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. लिंबायत, परवत पाटिया, गोडादरा या पट्ट्यातल्या खाड्यांना पाऊस झेपला नाही की पाणी सोसायट्यांत शिरते. सुरतेत त्याला खाडीपूर म्हणतात. २०२५ च्या जूनमध्येही तो आला. अशा वेळी अग्निशमन दलाची रबरी बोट येते, मागे कधी इंजीन लावलेले, कधी नुसती वल्ही. आधी म्हातारी माणसे चढतात, मग लेकुरवाळ्या बाया. आणि मग बोटीवरचा जवान हात आडवा करून म्हणतो, बस, आता पुढच्या फेरीला.

पाण्यावरची सुरक्षितता बहुतांशी त्या आडव्या हातात असते. तो हात आडवा करायचे शिक्षण कुठे मिळते, त्याचा कागद कोण देते आणि आपण तिकीट काढून ज्या बोटीत बसतो तिच्या चालकाकडे तो कागद असावा लागतो का, हे नीट उलगडून सांगायला हवे. गोडादऱ्यातली मराठी घरे प्रामुख्याने खानदेशातली. गावाकडे गेले की प्रकाशे आणि सारंगखेड्याजवळ तीच तापी भेटते, नवापूरच्या बाजूला उकाईचे पाणी पसरलेले दिसते, धडगाव-अक्कलकुव्याकडे नर्मदेचा फुगवटा. सुट्टीत मुलांना घेऊन माणसे सापुताऱ्याच्या तलावात फेरी मारतात, मुंबईला गेली तर घारापुरी, गोव्याला गेली तर स्पीडबोट. म्हणजे बोट चालवणारा आपल्यापैकी नसेल, पण बोटीत बसणारे आपण असतोच.

गाडी चालवणाऱ्याला बोट सोपी वाटते. समोर मोकळे पाणी, खड्डे नाहीत, चौक नाहीत. पण बोटीला ब्रेक नसतो. वेग मोडायचा तर थ्रॉटल मागे घ्यायचा, न्यूट्रलवर क्षणभर थांबायचे, मग रिव्हर्स टाकायचा, आणि तोवर बोट पुढे सरकतच असते. ताशी ४० किलोमीटरने धावणारी स्पीडबोट सेकंदाला ११ मीटर कापते. वळण्याची तऱ्हाही निराळी. गाडीची पुढची चाके वळतात आणि मागचा भाग निमूट त्यांच्या मागे येतो. बोटीला जोर मागून मिळतो, त्यामुळे नाळ डावीकडे वळली की पिछाडी उजवीकडे फेकली जाते. ज्याच्या हे अंगवळणी पडलेले नाही, तो पाण्यात पडलेल्या माणसाजवळून वळताना फिरता पंखा नेमका त्याच्याच अंगावर नेतो. शिवाय वारा आणि प्रवाह बोटीला इंजीन बंद असतानाही हलवत राहतात. धक्क्याला बोट लावायची तर हे दोन्ही कुठून कुठे चालले आहेत, ते आधी पाहावे लागते.

पण या सगळ्यापेक्षा मोठा धोका वजनाचा आहे, आणि तो समजून घेण्यासाठी जरा थांबायला हवे.

पाण्याची रेषा आणि बोटीचा काठ यांमध्ये जे अंतर उरते ते बोटीचे भांडवल. एकेक माणूस चढला की बोट थोडी खाली बसते आणि हे अंतर कमी होते. संथ पाण्यात वीतभर काठ उरला तरी काही बिघडले नाही असे वाटते. मग शेजारून दुसरी बोट जाते, तिची लाट येते, आणि काठ एकदा पाण्याखाली गेला की सारे फार झटपट घडते. आत आलेले पाणी एका जागी राहत नाही. पाण्याने भरलेली परात उचलून थोडी कलती केली की सगळे पाणी त्याच बाजूला धावते आणि परात हातातून सुटू पाहते, तसेच बोटीत होते. बोट ज्या बाजूला झुकली त्याच बाजूला पाणी जाते आणि ती आणखी झुकते. घाबरलेली माणसे उभी राहतात, त्यामुळे वजन वर चढते. कशाचा तरी आधार धरायला ती एका बाजूला सरकतात, आणि बोट उलटते.

केरळमध्ये थेक्कडीच्या तलावात ३० सप्टेंबर २००९ रोजी दुमजली पर्यटक बोट उलटून ४५ माणसे गेली. किनाऱ्यावरचे प्राणी पाहायला प्रवासी एका बाजूला गेले आणि बोट कलंडली, असे तेव्हा सांगितले गेले. ७ मे २०२३ रोजी केरळातल्याच तानूरला २२ जण बुडाले. ती बोट मुळात मासेमारीची, तिचे रूप बदलून प्रवासी बसवलेले. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेच्या सहलीची १२ मुले आणि २ शिक्षिका दगावल्या. बोट १४ जणांची, बसवले होते सुमारे ३०, आणि लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर नव्हते. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातही १५ जानेवारी २०१९ ला मकरसंक्रांतीच्या नर्मदास्नानासाठी निघालेली गच्च भरलेली बोट उलटली आणि लहान मुलांचे जीव गेले.

या घटनांमध्ये पाणी खवळलेले नव्हते, वादळ नव्हते. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी ‘आता बस’ म्हणायला हवे होते. म्हणून मला चालकाच्या प्रमाणपत्राचा खरा अर्थ असा वाटतो: इंजीन चालू करून बोट पुढे न्यायला दोन दिवसांत कोणीही शिकेल. प्रमाणपत्र हवे ते मालक, गर्दी आणि घाई या तिघांसमोर नकार देता यावा म्हणून. कायदाही या माणसाला नुसता ड्रायव्हर समजत नाही. बोटीचा ताबा त्याच्याकडे, म्हणून जबाबदारी त्याच्याकडे, असे धरतो.

किती माणसे बसवावीत याचे गणित अवघड नाही. साध्या आकाराच्या २० फुटांखालच्या मोटरबोटीसाठी अमेरिकेत एक ढोबळ सूत्र शिकवतात: लांबी आणि रुंदी फुटांत घ्या, त्यांचा गुणाकार करा, १५ ने भागा. १५ फूट लांब आणि ६ फूट रुंद बोट असेल तर उत्तर येते ६. आपल्याकडच्या कुठल्याही तलावावर १५ फुटी बोट डोळ्यांसमोर आणा आणि तिच्यात किती डोकी दिसतात ते आठवा. अर्थात हे सूत्र संथ पाण्याचे. वारा असेल, सामान असेल, तर आकडा खाली आणायचा, वर कधीच न्यायचा नाही. आपल्याकडे अधिकृत आकडा सर्वेक्षण करणारा अधिकारी ठरवतो.

आता कायद्याकडे येऊ. मोटरगाडीला जसे आरटीओ, तशी बोटीसाठी देशभर एकच खिडकी नाही. कुठल्या पाण्यावर बोट चालणार यावरून कार्यालय ठरते. नद्या, कालवे, तलाव, धरणांचे जलाशय, खाड्यांचा आतला भाग यांवरच्या इंजिनाच्या बोटींसाठी देशाचा कायदा म्हणजे इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१. त्याआधी १९१७ चा कायदा शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. जुन्या व्यवस्थेत प्रत्येक राज्य आपापले नियम करी, त्यामुळे एका राज्यात नोंदलेली बोट दुसऱ्या राज्याच्या पाण्यात गेली की पुन्हा परवानगीची पायपीट. नवा कायदा जून २०२२ पासून अमलात आला. त्याने नोंदणी, सर्वेक्षण आणि चालकांची प्रमाणपत्रे देशभर एका मापात आणायचे ठरवले. अंमलबजावणी मात्र राज्यांकडेच आहे. गुजरातेत ती मुख्यत्वे गुजरात मेरीटाइम बोर्ड पाहते, महाराष्ट्रात महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड. किनाऱ्यापासून खोल समुद्रात जाणाऱ्या जहाजांना मर्चंट शिपिंगचा निराळा कायदा, मासेमारीच्या बोटींना मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना, आणि बंदराच्या हद्दीत बंदराचे नियम. सुरतेच्या माणसाला हे एका तापीवरच पाहता येते. उकाईला जलाशय, शहरात सिंगणपोरच्या विअर-कम-कॉजवेने अडवलेले पाणी, आणि त्याच्या खाली मगदल्ला-हजिऱ्यापर्यंत भरती-ओहोटीची नदी, जी पुढे खंभातच्या आखाताला मिळते. त्या आखातात भरती-ओहोटीतला फरक काही ठिकाणी १० मीटरच्या घरात जातो. म्हणजे सकाळी जिथून बोट निघाली तिथे दुपारी चिखल असू शकतो.

म्हणूनच कायदा अंतर्गत पाण्याचे लाटांच्या उंचीवरून तीन विभाग करतो. सर्वांत शांत तिसऱ्या विभागात लाटांची उंची ०.६ मीटरपर्यंत, दुसऱ्यात १.२ मीटरपर्यंत आणि पहिल्यात २ मीटरपर्यंत. तलावासाठी मंजूर झालेली बोट खाडीच्या तोंडाशी नेता येत नाही ती याच कारणाने. बोट तीच, इंजीन तेच, पण पाणी निराळे.

बोटीचे स्वतःचे कागद तीन. पहिला नोंदणीचा, ज्याचा क्रमांक बोटीवर रंगवलेला असतो. दुसरा सर्वेक्षणाचा. सर्वेक्षक सांगाडा, इंजीन, स्थिरता, लाइफ जॅकेट, अग्निशामक, दिवे हे सगळे तपासून बोट कुठल्या विभागात, किती माणसांना घेऊन चालेल ते लिहून देतो. याची मुदत असते, ती संपली की पुन्हा तपासणी. तिसरा विम्याचा. हे झाले होडीचे कागद, आणि आपल्याकडे अपघातानंतर चर्चा होते ती बहुधा यांचीच.

तांडेलाचा कागद याहून वेगळा. कोकण आणि गुजरात, दोन्ही किनाऱ्यांवर होडीच्या मुख्य माणसाला तांडेल म्हणतात. सरकारी भाषेत अंतर्गत जलवाहतुकीच्या बोटीवर मास्टर, त्याच्या खालोखाल सारंग, आणि इंजिनाची जबाबदारी घेणारा इंजीन ड्रायव्हर. या पदांना श्रेण्या आहेत. बोट जेवढी मोठी आणि इंजीन जेवढे ताकदवान, तेवढी वरची श्रेणी लागते. लहान बोटीवर सुकाणू आणि इंजीन दोन्ही एकाच माणसाच्या हाती येतात.

हे सक्षमतेचे प्रमाणपत्र मिळवायची वाट अशी: आधी खलाशी म्हणून बोटीवर काम केल्याचा अनुभव, तोही लेखी दाखवता येईल असा. मग वैद्यकीय तपासणी, ज्यात डोळ्यांना फार महत्त्व. नजर चांगली असून लाल-हिरवा रंग ओळखता आला नाही तर माणूस बाद होतो, कारण रात्री दुसरी बोट कोणत्या दिशेने चालली आहे हे त्या दोन रंगांवरूनच कळते. मग प्रशिक्षण आणि परीक्षा. परीक्षेत तोंडी प्रश्नांचा भाग मोठा असतो, आणि ते बरेच झाले, कारण अनेक उत्तम तांडेलांचे लिहिण्याशी फारसे सख्य नसते. पाटण्याला राष्ट्रीय अंतर्देशीय नौकानयन संस्था २००४ पासून या कामासाठीच चालते.

जलक्रीडेच्या बोटी चालवायच्या असतील तर वाट गोव्याकडे जाते. तिथली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या भारतीय पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापन संस्थेचा भाग आहे. पॉवरबोट चालवणे, जीवरक्षण, जलक्रीडा चालवणे असे छोटे अभ्यासक्रम तिथे होतात. किनाऱ्यावर पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना राइड चालवणाऱ्यांकडे प्रशासन तिथल्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मागते. खानदेशातल्या किंवा सुरतेतल्या ज्या तरुणाला या व्यवसायात उतरायचे आहे, त्याने पहिला पैसा इंजिनावर घालण्याआधी इथे घालावा, असे मी म्हणेन.

अशा अभ्यासक्रमात काय शिकवतात? सुरुवात एका लाल दोरीपासून होते. आउटबोर्ड इंजिनाला एक पिळदार दोरी असते, तिला किल कॉर्ड म्हणतात. तिचे एक टोक इंजिनाच्या स्विचवर, दुसरे चालकाच्या मांडीला किंवा जॅकेटला. चालक झटक्याने बाहेर फेकला गेला तर दोरी सुटते आणि इंजीन बंद पडते. दोरी लावलेली नसेल तर रिकामी बोट वेगात गोल गोल फिरत राहते आणि पाण्यात पडलेल्या माणसावरच परत परत येते. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या मोटरबोटींवर ही दोरी किंवा तिच्यासारखी व्यवस्था वापरणे सक्तीचे झाले. आपल्याकडे कितीदा ती स्विचलाच गुंडाळून ठेवलेली दिसते! दोन मिनिटांची अडचण म्हणून ती काढून ठेवतात. ही दोरी लावली आहे की नाही, यावरून चालक शिकलेला आहे की नाही ते धक्क्यावरूनच ओळखता येते.

नंतर लाइफ जॅकेट. ते कुठल्या पाण्यासाठी हे न्यूटनमध्ये लिहिलेले असते. ५० न्यूटनचे फक्त पोहता येणाऱ्याला आणि काठाजवळ, १०० चे आडोशाच्या पाण्यात, १५० चे उघड्या समुद्रावर. १५० न्यूटन म्हणजे साधारण १५ किलोची उचल. ऐकायला हे थोडे वाटते, पण पाण्यात माणसाचे बहुतेक वजन पाणीच पेलते, डोके वर ठेवायला चार-पाच किलोंचा आधार पुरतो. जॅकेट मोठे झाले तर मात्र त्याचा उपयोग उरत नाही. मुलाला घातल्यावर जॅकेटचे खांदे धरून वर उचलून पाहावे. हनुवटी आत गेली, जॅकेट कानांपर्यंत आले, तर ते मुलासाठी नाही, दुसरे मागावे. आणि जॅकेट सीटखाली ठेवलेले असणे म्हणजे नसणेच, कारण बोट उलटताना ते घालायला वेळ मिळत नाही.

मग वाहतुकीचे नियम. जगभरच्या समुद्रावर १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम लागू आहेत, ते १९७७ पासून अमलात आले, आणि नद्यांवरचे नियम त्यांच्याच धर्तीवर आहेत. इथे भारतीय माणसाची एक खास अडचण होते. रस्त्यावर आपण डाव्या बाजूने जातो, पाण्यावर उजव्या बाजूने जायचे असते. दोन बोटी समोरासमोर आल्या तर दोघींनी उजवीकडे वळायचे. वाटा छेदत असतील तर उजवीकडून येणारीला वाट द्यायची. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने नेहमीच दूर राहायचे. रात्री बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा, मागे पांढरा. समोरच्या बोटीचे लाल आणि हिरवे दोन्ही दिवे एकदम दिसले तर ती सरळ आपल्याकडे येत आहे. आपल्या उजव्या हाताला नुसता लाल दिसला तर ती आपल्यापुढून जाणार, वाट आपण द्यायची. वर्षानुवर्षे मोटारसायकल चालवलेल्या हाताला संकटात डावीकडे वळायची सवय असते, आणि ती मोडायलाच सराव लागतो.

या नियमांत सर्वांत वरचा नियम नजर ठेवण्याचा, आणि त्याला लागूनच सुरक्षित वेगाचा. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ फेरीबोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. नव्या इंजिनाची चाचणी चालू असताना तिच्यावरचा ताबा सुटला. १५ जणांचे प्राण गेले. फेरीबोटीची परवानगी ८४ प्रवाशांची होती आणि तिच्यावर शंभराहून जास्त माणसे होती. त्यानंतर गेटवेवर लाइफ जॅकेटची सक्ती झाली.

हवामानाचा धडा उजनी जलाशयाकडून घ्यावा. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला निघालेली बोट अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, एक जण पोहून काठाला लागला. उन्हाळ्याच्या शेवटी दुपारनंतर उठणारे वारे आपल्या पठारावर नवे नाहीत. मोठ्या जलाशयावर वाऱ्याला मोकळी लांबी मिळते आणि लाट बघता बघता उठते. म्हणून अभ्यासक्रमात निघण्याआधी अंदाज बघायला, ढग वाचायला आणि शंका आली तर मुळीच न निघायला शिकवतात. पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद राहते, त्यामागे माशांचा विणीचा काळ आहे तशी पावसाळ्यातली समुद्राची अवस्थाही आहे.

इंधनाचा नियम सोपा आहे: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश हाताशी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते, म्हणून बंद इंजीनघर असलेल्या बोटीत आधी हवा खेळवायची, मग चावी फिरवायची. पेट्रोल भरताना प्रवासी बोटीत बसवून ठेवायचे नाहीत. आणि पाण्यात माणूस पडला तर: ओरडून सगळ्यांना सांगायचे, एकाने हाताचे बोट रोखून त्याच्याकडे पाहतच राहायचे, तो ज्या बाजूला पडला त्याच बाजूला सुकाणू वळवायचे म्हणजे पंखा दूर जातो, वाऱ्याच्या किंवा प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने हळू जवळ यायचे आणि तो हाताशी आला की इंजीन बंद करायचे. वाचायला हे चार ओळींचे आहे, पण पाण्यात पुतळा टाकून ते परत परत करवून घेतात, आणि पहिल्या खेपेला बहुतेकांना तो सापडत नाही.

या शिक्षणाचा उपयोग किती, याचा अंदाज अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या आकड्यांवरून येतो. २०२३ मध्ये तिथे करमणुकीच्या बोटींवर ५६४ जण मेले. चालकाच्या शिक्षणाची माहिती मिळाली त्या घटनांमध्ये चारपैकी तीन मृत्यू अशा बोटींवर झाले, ज्यांच्या चालकाने सुरक्षिततेचे शिक्षण घेतलेले नव्हते. बुडून मेलेल्यांपैकी ८७ टक्के लोकांच्या अंगावर जॅकेट नव्हते. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणारी मराठी कुटुंबे हे नियम जवळून ओळखतात. तिथे इंजिनाची बोट स्वतः चालवायची तर निदान आठ तासांचा वर्ग, देखरेखीखालची परीक्षा आणि प्रमाणपत्र लागते. भरतीचे पाणी न येणाऱ्या हॉपॅटकाँगसारख्या सरोवरांवर त्याशिवाय मोटार वाहन विभागाचा बोटचालक परवानाही लागतो. कॅनडाने १९९९ पासून चालकाचे कार्ड आणले आणि सप्टेंबर २००९ पासून मोटरबोट चालवणाऱ्या सगळ्यांना ते सक्तीचे केले. ब्रिटनने समुद्रकिनाऱ्यावर सक्ती केलेली नाही. रॉयल यॉटिंग असोसिएशनचा दोन दिवसांचा पॉवरबोट अभ्यासक्रम तिथले लोक आपणहून करतात. आपल्याकडे व्यवसायासाठी चालणाऱ्या बोटीच्या मास्टरला प्रमाणपत्राचा रस्ता आखलेला आहे, पण सुट्टीत स्वतःची बोट तलावात सोडणाऱ्या हौशी माणसासाठी असे छोटे, स्वस्त, जिल्ह्याच्या गावी होणारे आणि मराठी-गुजरातीत शिकवले जाणारे वर्ग सहज सापडत नाहीत. ती उणीव मला कायद्याच्या उणिवेपेक्षा मोठी वाटते.

हरणीनंतर गुजरातने २०२४ मध्ये लहान बोटींसाठी वेगळे नियम केले. तलावावरच्या छोट्या फेरीबोटी त्यांच्या कक्षेत आणल्या: नोंदणी, तपासणी, विमा, जॅकेट. त्याआधी २०१७ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने बोटींच्या सुरक्षिततेची मार्गदर्शक तत्त्वे काढलेली होती. सांगितलेले काही नवे नव्हते, ते धक्क्यापर्यंत पोहोचले नव्हते.

पुरातली बोट हा आणखी वेगळा विषय, आणि गोडादऱ्यासाठी तोच सर्वांत जवळचा. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईतून सुमारे ९ लाख क्यूसेक पाणी सोडले गेले आणि सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला, तेव्हा लष्कर आणि नौदलाच्या बोटी शहरात फिरल्या. रस्त्यावर चढलेले पाणी नदीसारखे नसते. त्याखाली उघडी गटारे, दुभाजक, बुडालेल्या गाड्या, तुटलेल्या तारा असतात. कापडाच्या या शहरात चिंध्या आणि साड्यांचे तुकडे तरंगत येतात आणि पंख्याला गुंडाळले की इंजीन बंद. कंबरभर पाण्यात आजूबाजूने माणसे चालत असतात, त्यांच्या पायांना पंखा लागू शकतो. म्हणून शिकलेला जवान उथळ गल्लीत इंजीन वर उचलून ठेवतो आणि बोट दोराने ओढत किंवा वल्ह्याने ढकलत नेतो. ‘इंजीन असून चालवत का नाहीत?’ असे गॅलरीतून ओरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. मदत करायची तर खिडकीतून उडी मारून बोटीत उतरू नये. बोट भिंतीला लागेपर्यंत थांबावे, एकेकाने मधोमध पाय टाकावा, लगेच खाली बसावे, पेट्या-गाठोडी मागे ठेवावीत.

कॉजवेसारख्या बंधाऱ्याची खालची बाजू सर्वांत धोक्याची. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी खाली भोवऱ्यासारखे उलटे फिरते आणि तरंगणारी वस्तू पुन्हा पुन्हा बंधाऱ्याकडे ओढते. तिथे ताकदवान इंजीनही कमी पडते, जॅकेट घातलेला माणूसही अडकतो. तिथे बोट न्यायचीच नाही, हा नियम पूरबचावाच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी सांगतात.

प्रवासी म्हणून धक्क्यावर उभे असताना पाहायचे ते थोडके. बोटीवर नोंदणी क्रमांक आणि माणसांची मर्यादा लिहिली आहे का. चालकाच्या अंगावर जॅकेट आहे का, आणि लाल दोरी लावलेली आहे का. प्रमाणपत्र विचारायला संकोचू नये. ज्याच्याकडे ते असते तो रागावत नाही, उलट खुशीने दाखवतो. मर्यादा भरली असेल तर कुटुंब दोन फेऱ्यांत वाटून घ्यावे, प्रत्येक फेरीत पोहता येणारे एक मोठे माणूस ठेवावे. पाण्यावर अडचण आली तर ११२, समुद्रावर तटरक्षक दलाचा १५५४.

आणि ज्या तरुणांना पुढच्या खाडीपुरात बोटीच्या मागच्या बाजूला बसायचे आहे, त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन शाखेत ‘आपदा मित्र’ योजनेची चौकशी करावी. पूरप्रवण जिल्ह्यांतल्या स्वयंसेवकांना बचावकार्य आणि प्रथमोपचार शिकवण्यासाठीच राष्ट्रीय प्राधिकरणाने ती सुरू केली. पोहणे मात्र आधी स्वतः शिकून जावे, आणि त्यासाठी पावसाळ्याची वाट पाहू नये.